मीठ किंवा राजा

झुल्फा, आवडते अल्बम विचारलेस,
पण नावं मला धड माहीत नाहीत.
मनामात सोनारगल्लीच्या मागे जासिमचं दुकान होतं,
दोन गिऱ्हाईकं आत शिरली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं.
रेकॉर्डवरून तो कॅसेट भरून द्यायचा, पाचशे फिल्स,
आणि कव्हरवरचं चित्र बघून
निळ्या पेनाने अरबीत सुचेल ते लिहायचा.
मदरशात घोकलेली अक्षरं मी जुळवत बसायचो,
जेर नाही, जबर नाही, नुसते सापळे.

पहिली, ‘उलटा दिवा’.
सित्राच्या कॅम्पात एका खोलीत सहाजण.
आधी बासरी, मग काहीच नाही, मग एकदम
सगळी वाद्यं जिन्यावरून पडल्यासारखी.
उस्मान काझी उशीतून म्हणाला,
“पारकर, हे गाणं आहे की कंप्रेसर बसतोय?”
मलाही ठाऊक नव्हतं.
म्हणून परत लावली.

‘तीन म्हातारे’ने मला मोजायला शिकवलं.
आमच्या प्लांटवर समुद्र उकळायचा, वाफ धरायची,
गोडं पाणी शहराला, खारं परत खाडीला.
चार नंबरच्या पंपाचं बेअरिंग गेलं होतं,
मी लॉगबुकात लिहिलं: कंपन जास्त.
रोडेल आला, स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला,
मूठ कानाच्या हाडाला,
डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला
आणि म्हणाला, “सात.”
ओलोंगापोच्या बारमध्ये तो आधी ड्रम वाजवायचा,
हे मला तेव्हा कळलं.
बेअरिंग बदललं त्या दिवशी
आम्ही दोघांनी जेवताना फारसं बोलणं केलं नाही.

एक होती फारच जड, जासिमने तिच्यावर
काही लिहिलंच नव्हतं, नुसती एक रेघ.
गिटारी अशा, की जेटीवर साखळदंड ओढताहेत.
खोलीत ती मावायची नाही.
एक्याण्णवच्या वसंतात कुवेतचा धूर आमच्यावर आला,
भर दुपारी गाड्यांचे दिवे लागले,
दोरीवरची बनियनं काळी झाली.
मी गच्चीवर जाऊन हेडफोन लावले.
तिला तेव्हा पहिल्यांदा
पुरेशी जागा मिळाली.

आणि ही.
शेवटच्या अक्षरावर माझाच घामाचा अंगठा पडला,
शाई पसरली, आता ते मिल्ह आहे की मलिक,
मीठ की राजा, सांगता येत नाही.
दुसऱ्या बाजूला एकच मोठं गाणं,
चढत, चढत, गाणारा श्वास आत घेतो
आणि खट्.
टेप संपली.
जासिमकडे तक्रार केली, तर म्हणाला,
“साठ मिनिटं म्हणजे साठ मिनिटं.
बाकीचं तू भर.”

मी भरलं. अकरा वर्षं रोज रात्री भरलं.
खट् झालं की एसीची घरघर
नेमकी त्याच पट्टीत लागायची,
तिच्याखाली लांबून प्लांट,
वर काझीचं घोरणं, अधूनमधून चुकणारं,
मग कुणीतरी कूस बदलायचं, पलंगाचा पत्रा वाजायचा.
मला वाटायचं, असंच असणार.
कसलेल्या माणसाने याहून वेगळा शेवट
केला तरी कशाला असता?

परवा सित्राच्या पुलावरून येताना
तू फोनवर ते अख्खं लावलंस.
खट्च्या जागी माझा हात आपोआप उठला,
कॅसेट उलटायला.
तू म्हणालीस, काय झालं?
पुलाच्या दोन्ही बाजूंना ओहोटी, बगळे चिखलात,
आणि गाण्यात ती उरलेली चार मिनिटं:
पियानो, एक बाई शब्दांशिवाय गुणगुणते,
शेवटी बहुधा घंटा.
परक्याच्या दिवाणखान्यात बसावं
तसा मी पाठ ताठ ठेवून ऐकत होतो.

“कसं वाटलं, बाबा?”
चांगलं आहे गं.
सुरात आहे, सगळं जिथल्या तिथे आहे.
फक्त त्यात काझी घोरत नाही.